भाकरीचं माहेर

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ज्वारीच्या भाकरीला कुणीतरी ‘अस्सल इथलीच’ म्हटलंय. सांगलीत बावीस वर्षं खानावळ चालवते, रोज दीडशे भाकऱ्या थापते, म्हणून लिहायचा हक्क समजते.

ज्वारीचं माहेर आफ्रिका. पूर्व सुदानात सापडलेल्या सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या खापरांवर तिच्या दाण्यांच्या कोंड्याचे ठसे आहेत. संक्रांतीची बाजरीही तिकडचीच, पश्चिमेकडची. आणि चवळीसुद्धा! जत-आटपाडीकडच्या शाळूचा गर्व मला आहेच, पण लेक सासरी नांदली म्हणून माहेर पुसायचं का?

चवळीची तर गोष्टच मोठी. नायजेरियात ती भिजवून, सालं काढून, वाटून, कांदा-मिरची घालून वडे तळतात, त्यांना ‘अकारा’ म्हणतात. गुलाम करून जहाजांत कोंबलेल्या माणसांबरोबर ते समुद्रापार गेले. ब्राझीलमध्ये ‘अकाराजे’, कॅरिबियन बेटांवर ‘अक्रा’. तिथं आता बऱ्याच ठिकाणी खारवलेला मासा घालतात. सगळं हिरावलं गेलं, पण हाताची चव कोण काढून घेणार?

मी करून पाहिले. पहिला घाणा दगड झाला. वाटण हाताने खूप वेळ फेटावं लागतं, हवा भरेपर्यंत, सोडा नको. तिकडे पामतेल वापरतात, मी शेंगतेलात तळले. पोरं म्हणाली, “मावशी, डाळवडा आज मऊ झालाय.”

– एक खानावळवाली, विश्रामबाग, सांगली