आईच्या पोटाबद्दल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "तिला गॅसच हायत, दुसरं काय नाय." मला ते पटलेलं नाही.

आई, रागावू नकोस, तू मला एकटीला सांगितलेलं मी इथं दोघांना लिहितेय. शौचाला जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटतं, संध्याकाळी ओटीपोट जड होतं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. हे बाबांना कळल्याशिवाय तू दवाखान्यात जाणार नाहीस.

गर्भपिशवीच्या पुढे मूत्राशय आणि मागे लगेच गुदाशय असतं. तिन्हींना खालून स्नायूंचा आधार. बाळंतपणं, वर्षानुवर्षं डोक्यावर वाहिलेले वैरणीचे भारे, पाळी गेल्यावर कमी झालेलं इस्ट्रोजेन, यांनी तो आधार सैल पडतो. मग पिशवी खाली सरकते, म्हणजे अंग उतरतं. गुदाशयाची भिंत योनीकडे फुगली तर मळ त्या खोलगटात अडकतो, आणि जोर लावला की अंग आणखी खाली येतं. तुझं असंच असेल, तर नुसत्या चूर्णानं कसं मोकळं वाटणार? पिशवीतल्या मोठ्या गाठीचा दाब पडूनही बद्धकोष्ठता होते, पण पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात. या वयात गाठ वाढत असेल किंवा अंगावर लाल गेलं, तर एक दिवसही थांबायचं नाही. पोट सतत फुगतं, दोन घासांत भरतं, असं असेल तर बीजकोशही बघावे लागतात. शौचातून रक्त गेलं तर आतड्याची तपासणी वेगळी.

अंग उतरलंय म्हणून लगेच ऑपरेशनच लागतं असं नाही. खालून आधार देणाऱ्या त्या स्नायूंचे व्यायाम असतात, आत बसवायची रिंग मिळते. पहिल्याच भेटीत कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं तर होकार देऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ मध्ये किती गाजलं होतं, आठवतंय ना?

बाबा, या आठवड्यात तासगावहून सकाळच्या एसटीनं तिला मिरजेला न्या. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईच बघा, आई मोकळेपणानं बोलेल. वैरण आता तुम्ही नाहीतर दादा आणा. आणि पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी साठलेली लागते, म्हणून पाण्याची बाटली बरोबर घ्या.

तुमची लेक