विषय: सोसायटीचे ऑक्सिजन मशीन खजिनदारांच्या घरातून हलवणे आणि ते आधी कोणाला द्यायचे याचा नियम लिहून काढणे

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
मुलुंड (पूर्व), मुंबई

दि. 12 जानेवारी 2022
संदर्भ: माझी दि. 14 जून, 6 सप्टेंबर व 29 नोव्हेंबर 2021 ची पत्रे

मा. अध्यक्षसाहेब,
स. न. वि. वि.

याच विषयावरचे हे चौथे पत्र. पहिल्यावर पोच म्हणून शिक्का मिळाला, दुसऱ्यावर "बघू" असे तोंडी उत्तर मिळाले, तिसरे कुठे आहे ते सेक्रेटरींनाही सांगता आले नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नियमावलीप्रमाणे) सभासदाचा तक्रार अर्ज समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवायचा आणि निर्णय त्यानंतर 15 दिवसांत कळवायचा असतो. जूनपासून बैठका किती झाल्या ते इतिवृत्तात आहेच.

मे 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 52 पैकी 43 घरांनी प्रत्येकी 2,000 रुपये काढले आणि 5 लिटरचे (मिनिटाला 5 लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारे) ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतले. समितीचा हा निर्णय चांगलाच होता. पण जूनपासून मशीन 302 मध्ये, म्हणजे खजिनदारसाहेबांकडे आहे. दार उघडे असले की दिसते: पॅसेजमध्ये चपलांचे कपाट आणि देवघराची भिंत यांच्यामध्ये, जुनी चादर टाकून. चादरीखालून मागच्या जाळीवरचा फिल्टर राखाडी झालेला दिसतो. पाण्याच्या बाटलीत मे महिन्यातले पाणी तसेच आहे, तळाशी हिरवट थर धरला आहे. त्या बाटलीतून जाणारी हवा आजारी माणसाच्या फुप्फुसात जाणार आहे, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

खजिनदारसाहेब म्हणतात, मशीन उत्तम आहे, नळीचे टोक ग्लासातल्या पाण्यात धरले की बुडबुडे येतात. बुडबुड्यांवरून हवा येते एवढेच कळते, ऑक्सिजन येतो की नाही ते कळत नाही. मशीन खोलीतलीच हवा ओढून झिओलाइटच्या (बारीक छिद्रांच्या खनिजाच्या) दोन नळकांड्यांतून आळीपाळीने दाबाने सोडते. नायट्रोजन झिओलाइटला चिकटून राहतो आणि साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे येतो. पण झिओलाइट नायट्रोजनपेक्षा पाण्याची वाफ जास्त ओढते, आणि एकदा ओढलेली सहज सोडत नाही. म्हणून बंद मशीनसुद्धा महिन्यातून एकदा काही तास चालवावे लागते. आपले मशीन मुंबईचा अख्खा पावसाळा बंद पडून होते. आज शुद्धता 93 आहे की 70, हे ऑक्सिजन ॲनालायझर लावल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारा माणूस हे दहा मिनिटांत मोजून देतो. वर्गणीतून मशीनचे 78,500 गेले, उरलेले 7,500 रुपये त्यासाठी पुरेसे आहेत. ते कुठे आहेत, हेही सभासदांना कळावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 32 खाली हिशेब पाहण्याचा हक्क आहे. तो अर्ज वेगळा करायची वेळ येऊ नये.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यात मशीन पाचव्या मजल्यावर अकरा दिवस होते. पहिले तीन दिवस गरज खरी होती. नंतर तिथल्या रुग्णाचा ऑक्सिजन (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा) 97 होता आणि मशीन "धीर वाटतो म्हणून" ठेवले होते. त्याच आठवड्यात पंपरूमशेजारी राहणाऱ्या आपल्या रात्रीच्या वॉचमनचा ऑक्सिजन 91 वर आला. त्याच्या मुलाने मशीन मागितले तेव्हा ते वर्गणी दिलेल्या सभासदांसाठी आहे असे त्याला सांगण्यात आले. पोरगा रात्रभर वॉर रूमला (महापालिकेच्या बेड देणाऱ्या कोविड कक्षाला) फोन करत बसला, पहाटे जम्बो सेंटरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कोविड रुग्णालयात, बेड मिळाला आणि वॉचमन बरा झाला. म्हणून या गोष्टीची कुठे नोंद नाही. त्याचे बरे-वाईट झाले असते तर आपण सगळ्यांनी काय उत्तर दिले असते?

वर्गणी न दिलेल्या नऊ घरांत दोन भाडेकरू आहेत आणि एका घरातली नोकरी त्याच महिन्यात गेली होती. पैसे कोणी दिले हे पावतीपुस्तकात लिहावे, मशीन देताना पाहू नये. "आधी मागेल त्याला आधी" हाही न्याय नाही, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर नसलेला माणूस नेहमी शेवटीच मागणार. वय हाही निकष नको. साठीचा माणूस 96 वर आणि तिशीचा 91 वर असेल तर मशीन तिशीच्या माणसाकडे जायला हवे. निकष एकच: डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला आहे का आणि आकडा किती आहे. पाच मिनिटे शांत बसून, नेलपॉलिश व मेंदी नसलेल्या गरम बोटावर, आकडा स्थिर झाल्यावर घेतलेलाच धरावा. 94 च्या खाली गेला की मशीनचा विचार सुरू करावा. 90 च्या खाली गेला तर रुग्णाला मशीनच्या भरवशावर घरी ठेवू नये. 5 लिटरच्या मशीनचे ते काम नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते लावावे आणि महापालिकेच्या टी विभागाच्या (मुलुंडच्या) वॉर रूममधून बेड घ्यावा. खोलीच्या हवेवर 24 तास 94 किंवा वर राहिले आणि डॉक्टरांनी होकार दिला की मशीन परत. परत कधी द्यायचे हे कागदावर नव्हते, म्हणूनच मे महिन्यात तो घोळ झाला.

दोघांना एकाच वेळी लागले तर निर्णय समितीने घेऊ नये. आपल्या इमारतीत दोन डॉक्टर आहेत. त्यांना फक्त आकडे, वय आणि इतर आजार कळवावेत. नाव आणि घर क्रमांक कळवू नये. त्यांच्यापैकी कोणाच्या घरचा रुग्ण असेल तर त्यांनी बाजूला राहावे. त्या दोघांची याला तयारी आहे, मी विचारले आहे. तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरच्या बहुतेकांचेही हेच मत आहे. लिहून द्यायला लोक कचरतात, कारण खजिनदारसाहेबांशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते.

नोटीस बोर्डाबद्दलही लिहिणे भाग आहे. एप्रिल 2021 मध्ये आणि या आठवड्यात पुन्हा कोविड रुग्णांची नावे घर क्रमांकासह लावली गेली. एप्रिलच्या शासकीय आदेशाने पाचपेक्षा जास्त रुग्ण असलेल्या सोसायटीला प्रवेशद्वारावर फलक लावायला सांगितले होते, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळावे म्हणून. त्यात नावे लावा असे नव्हते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय रुग्णाच्या घराबाहेर पोस्टर लावू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्येच सांगितले आहे. नाव लागते म्हणून लोक घरीच चाचणीचे किट वापरून गप्प बसतात, दूधवाला बंद होईल म्हणून ताप लपवतात, आणि मशीनसाठी येतात तेव्हा आकडा 88 असतो.

सध्या मुंबईत रोजचे रुग्ण 20 हजारांच्या वर जाऊन आले आहेत. यावेळी ऑक्सिजन कमी लोकांना लागतो आहे, म्हणूनच नियम लिहायला हीच वेळ बरी आहे.

विनंती अशी की, रविवार दि. 16 पर्यंत मशीन तळमजल्यावरच्या कार्यालयात आणावे. भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावे, जवळ दिवा, उदबत्ती किंवा गॅस नको. बाटली टाकून नवी घ्यावी, तीत डिस्टिल्ड वॉटरच भरावे आणि रोज बदलावे. मागचा फिल्टर आठवड्याला धुऊन, पूर्ण सुकवून लावावा. नाकातली नळी प्रत्येक रुग्णाला नवी. सहा नळ्या आणून ठेवाव्यात. मशीन कोणाकडे, कधीपासून, देताना आकडा किती, परत करताना किती, एवढी नोंद वहीत असावी. एक किल्ली वॉचमनकडे असावी, कारण रात्री दोन वाजता खाली तोच जागा असतो. एक समितीकडे. 302 मध्ये नको. बोर्डावरची नावे आजच उतरवावीत.

सोमवारपर्यंत लेखी उत्तर न आल्यास हेच पत्र, मागच्या तिन्ही पत्रांच्या प्रतींसह, सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात देईन.

कळावे,
आपला,
एक सभासद, चौथा मजला

प्रत: दोन्ही डॉक्टर सभासद; मा. खजिनदार