बिल्डरचा सगळा हिशेब एका पानावर द्या

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. दोन हंगामांची शिल्लक पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घालावी म्हणून जळगावच्या एका हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनाला गेलो होतो. बिल्डर मोठा, नाव घराघरांत पोचलेलं. तिथल्या माणसाने त्याच दिवशी 20 टक्के मागितले. विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही, असं मी म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

आमच्याकडे बाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्यापारी भाव बोलत नाही. म्हणून मीही घरी येऊन महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बसलो. जाहिरातींवर 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यामुळे प्रकल्प चटकन सापडला. मंजुऱ्या, कार्पेट क्षेत्र, विकलेले फ्लॅट, सगळं होतं. ही सोय मोठी आहे, ती मान्यच.

पण ते एका टॉवरचं पान. नव्या टॉवरचं पान कोरंच असणार, त्याला उशीर व्हायला वेळ तरी कुठे मिळाला? मला हवे होते त्याच बिल्डरचे जुने टॉवर: ताबा कधी देणार होता आणि कधी दिला. ते प्रत्येक निराळ्या कंपनीच्या नावावर. आठ रात्री वही घेऊन बसलो, तेव्हा कुठे कळलं की एकाच टाउनशिपमधल्या दोन टप्प्यांची मुदत दोनदा वाढली आहे.

रेरा कायद्याच्या कलम 4 प्रमाणे बिल्डरने मागच्या पाच वर्षांतले प्रकल्प, झालेला उशीर आणि चालू खटले सांगायचे असतात. कंपनीच नवी काढली, तर सांगायला उरतं काय? विकताना नाव समूहाचं, नोंदणीला कंपनी कालची. खरी फट इथे आहे.

माझी मागणी एवढीच: समूहातल्या सगळ्या कंपन्यांचं मिळून एक पान करा. त्यात प्रत्येक टप्प्याची मूळ तारीख, प्रत्येक मुदतवाढ, भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याची) तारीख आणि तक्रारी असाव्यात. बिल्डरकडून ग्राहकांचे पैसे वसूल करायला महारेरा जी वसुली वॉरंटं काढते, त्यांतले किती पैसे ग्राहकांच्या हाती पडले, तेही असावं. ती वसुली महसुली थकबाकीसारखी जिल्हाधिकारी करतात, म्हणजे आकडे सरकारच्याच दप्तरात आहेत.

वही दाखवायला मी मुंबईला यायला तयार आहे. पैसे अजून सावद्याच्या बँकेतच आहेत.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव