मॅडम, आईची गोळी न बदलल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. पण बेळगावात तुमच्या ओपीडीबाहेर बाकावर बसणाऱ्या निम्म्या खानापूर तालुक्याला पत्र कुणाला आहे ते कळेलच.

आईचं दुखणं जुनं. लहानपणी घसा सुजला, त्यातून संधिवाताचा ताप आला, हृदयातली मायट्रल झडप आकसत गेली आणि पुढे ठोके अनियमित झाले. गुठळी होऊन लकवा मारू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) 2 ते 3 मध्ये राहतोय ना हे बघायला वरचेवर तपासणी. "नुस्तं रगत काढूलालेत," असं आई करवादायची. मेथी-पालक कमीजास्त खाल्ली की आकडा हलतो, हे तर तिला कधीच पटलं नाही.

मी तेव्हा एमबीबीएसला होते. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही असं वाचून, बदला म्हणत तुमच्यामागे लागले. तुम्ही 2022 चा इन्व्हिक्टस अभ्यास हातात दिलात. 24 देशांतले साडेचार हजारांवर रुग्ण, सगळे आईच्याच जातीच्या आजाराचे. रिव्हरॉक्साबॅन ही नवी गोळी निदान जुन्या गोळीच्या तोडीची ठरेल अशी अटकळ होती, प्रत्यक्षात जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी झाले. मग तुम्ही विचारलंत, नव्या गोळ्यांच्या आधीच्या मोठ्या चाचण्यांत कोण होतं बघितलंस का? बघितलं. झडप बरीच आकसलेले रुग्ण त्यांतून वगळलेलेच होते. म्हणजे आईसारखी माणसं तिथे नव्हतीच! हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं ते मी त्या दुपारी ठरवलं.

रस्ता विचारल्यावर तुम्ही गोड बोलला नाहीत. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन तीन, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन डीएम कार्डिऑलॉजी आणखी तीन. एकही परीक्षा चुकली नाही तर साडेअकरा. आणि संशोधनाला वेगळा वेळ कुणी देत नाही, तो कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) आणि राउंडमधून काढायचा, हेही तेव्हाच सांगितलंत. एमडीचा थीसिस बरेचजण सही-शिक्क्यापुरता उरकतात (आमच्या वसतिगृहात तर त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही). तुम्ही माझ्या गाइड नसताना माझा संशोधनाचा प्रश्न तीनदा फिरवून घेतलात. एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी संख्याशास्त्राच्या सरांकडे धाडलंत, नमुन्यात किती रुग्ण लागतील ते आधी काढ म्हणून.

अभ्यासात येणाऱ्या रुग्णांच्या संमतीपत्रावर मात्र तुमचा खरा हट्ट. कन्नडमध्ये हवं आणि मराठीतही हवं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं. निपाणीची आजी असो की बैलहोंगलचे अज्जा, "नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळतील" हे वाक्य त्यांना समजल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. एका म्हातारबांनी सगळं ऐकून नकार दिला तेव्हा तुम्ही त्यांचा एको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच दिवशी करून दिलात. नकाराचा असा मान राखायला मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

आईचा आयएनआर सध्या 2.4 आहे, कुरकुर चालूच. थीसिसचं निष्कर्षांचं प्रकरण या आठवड्यात पाठवते. त्यातलं तिसरं कोष्टक मलाच नीट पटलेलं नाही, तेवढं आधी बघा.

तुमची विद्यार्थिनी