कुलूप शाबूत, म्हणून संशय मोलकरणीवर?

मा. संपादक,
स.न.

बंद घरातून दागिने गेले आणि दाराचं कुलूप जसंच्या तसं असलं, की सोसायटीत निकाल अर्ध्या तासात लागतो: घरभेद्याचंच काम! मग कामवाली, दूधवाला, वॉचमन या क्रमाने चौकशी सुरू होते. पंचनाम्यात ‘तोडफोड आढळली नाही’ अशी एक ओळ पडते आणि तेवढ्यावर एखाद्या बाईची चार घरची कामं सुटतात. कुलूप न तोडता आणि चावीची नक्कल न करताही उघडता येतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

‘बंपिंग’ म्हणतात ती ही युक्ती. नवी मुळीच नाही. अमेरिकेत त्यासाठीच्या खास चावीचं पेटंट १९२८ सालचं आहे. २००५ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या कुलूप-अभ्यासकांनी ती उघडपणे मांडली, तेव्हा कुठे तिकडे जाग आली. आपल्या मुख्य दारांना बसवलेली बरीचशी सिलिंडर कुलपं पिनांवर चालतात. आत पिनांच्या पाच-सहा जोड्या, प्रत्येकीवर स्प्रिंग. योग्य चावीने सगळे सांधे एका रेषेत आले की कुलूप फिरतं. वेगळ्या पद्धतीने कापलेल्या चावीवर ठोका बसला की खालच्या पिना जागीच राहतात, वरच्या क्षणभर उडतात आणि तेवढ्यात कुलूप फिरतं. कॅरमवर दोन सोंगट्या चिकटून असताना अलीकडचीला स्ट्रायकर लागला की पलीकडची पळते, तसंच. खळ्याखळ्यांची महागडी चावी हातात आली की लोक निर्धास्त होतात, पण तसल्या पुष्कळ कुलपांच्या पोटातही पिनाच असतात.

लिव्हरच्या कुलपात या पिना नसतात, सपाट पट्ट्या असतात, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. म्हणजे चाळीतल्या कोयंड्याला लटकणारं जुनं लिव्हरचं कुलूप या एका बाबतीत टॉवरमधल्या गुळगुळीत लॅचपेक्षा सरस! (ते कटरने कापता येतं, मान्य. पण मग खूण तरी मागे राहते.)

खुणेचं महत्त्व विम्याचा दावा करताना कळतं. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत ‘बळजबरीने प्रवेश’ ही अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीतले असे शब्द जसेच्या तसे धरले आणि बळाचा वापर झालेला नसल्याने दावा नाकारला. बंपिंगने चोरी झालेल्या माणसाने बळजबरी दाखवायची कशी? दागिने गेले ते गेलेच, वर भरपाईलाही मुकायचं.

खूण अगदीच राहत नाही असं नाही. ती असली तर सिलिंडरच्या तोंडावर आणि आतल्या पिनांवर, बारीक ठोक्यांच्या रूपात सापडते. दारावर ती शोधून उपयोग नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सांगतं. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. मुंबई पोलिसांनी तेवढं थांबू नये. मॉर्टिस (दाराच्या जाडीत बसवलेल्या) कुलपाचं सिलिंडर बहुधा एका स्क्रूवर बसलेलं असतं. ते काढून सीलबंद करावं, कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवावं आणि अहवाल येईपर्यंत कामवाल्या बाईंना चौकीत बसवून ठेवू नये. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांची घरं आठ-दहा दिवस बंद असतात, तेव्हा तर हे प्रश्न हमखास येणार.

१८९७ साली याच शहरात, लालबागेत, अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढला. इतका जुना हा धंदा, तरी दुकानात ‘यावर बंपिंग चालेल का?’ असं विचारलं तर समोरचा आधी किंमत सांगतो. ब्रिटनमध्ये सिलिंडरच्या चाचणीत बंपिंगही धरतात आणि दर्जाचे तारे मालावर छापतात. भारतीय मानक ब्युरोने इथेही पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख सक्तीचा करावा.

रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांनी मात्र ब्युरोची वाट पाहू नये. बिल्डरच्या यादीत ‘नामांकित कंपनीचं कुलूप’ एवढंच असतं. तिथे ‘बंपिंगरोधक सिलिंडर आणि सेफ्टी डोअरला लिव्हरचं दुसरं कुलूप’ असं करारावर सह्या होण्याआधीच लिहून घ्यावं.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई