वनफेरी पायवाटेवरूनच हवी

ब्रिटनमधील प्राचीन वनांत वसंतात निघणाऱ्या निसर्गफेऱ्यांवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख आवडला. पण त्यासोबत छापलेले छायाचित्र खटकले. निळ्या ब्ल्यूबेलच्या ताटव्यात, वाट सोडून, अख्खा गट उभा आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सन १६०० पासून सलग टिकून असलेल्या वनालाच 'प्राचीन' म्हणतात. ब्रिटनच्या भूभागात अशी वने जेमतेम अडीच टक्के उरली आहेत. तिथली झाडे पुन्हा लावता येतील, शतकानुशतके न नांगरलेली माती कुठून आणणार? ब्ल्यूबेलची पाने पायाखाली चेचली की कंदाला अन्न मिळत नाही आणि ते झाड सावरायला काही वर्षे जातात. बीपासून फूल यायलाच पाच-सात वर्षे लागतात. शेजारची पांढऱ्या फुलांची अ‍ॅनिमोनी तर शंभर वर्षांत सहाएक फूटच पसरते, म्हणजे एका माणसाच्या उंचीइतकी!

मी स्वतः एप्रिलमध्ये अशा एका फेरीत होते. फोटोसाठी चौघे आत शिरले. ते परतल्यावर पाहिले, तर पाने मातीत रुतली होती, देठ मोडून पडले होते. वाटाड्या काही बोलला नाही आणि मीही गप्प राहिले, याचे आजही वाईट वाटते.

फेऱ्या जरूर व्हाव्यात. रॉबिन पक्ष्याचे गाणे एकदा तिथे उभे राहून ऐकले की वनाबद्दल माया वाटू लागते. पण गट लहान असावा, वाट सोडायची नाही हे निघतानाच सांगितले जावे, आणि वृत्तपत्रांनीही छायाचित्र निवडताना एवढे पाहावे.

– एक वाचक