नऊ टोपल्या उभ्या करणाऱ्या हातांचे आभार

सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या आवारात डिस्क गोल्फचा नऊ टोपल्यांचा कोर्स (खेळायचं मैदान) पुरा झाला. यात तबकडी फेकून खांबावरच्या, साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची असते. या खेळाचा पहिला कायमचा कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियात झाला. इथं मात्र टोपली कशी असते इथपासून सांगावं लागलं.

कुपवाड एमआयडीसीतल्या वेल्डरकाकांनी मोबाईलवरचा फोटो बघून पहिली टोपली बनवली. तबकडी साखळ्यांवर आपटून बाहेर उसळायची. काका रविवारी स्वतः आले, पंधरा-वीस वेळा फेकून बघितली आणि आतून साखळ्यांची आणखी एक रांग जोडली. त्याचे पैसे घेतलेच नाहीत.

पहिल्या पावसात काळी माती फुगली नि तीन खांब कलले. रडूच आलं होतं. गवंडीदादांनी खड्डे खोल केले, मुरूम ठोकला आणि खांब ओळंब्यात उभे केले. बागकामाच्या मावशींनी पाचवी टोपली हलवायला लावली, नाहीतर तिथल्या कडुनिंबाला मार बसला असता. त्यांचं बरोबरच होतं.

नावं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी सातला पहिला डाव आहे. काका, पहिली फेक तुमचीच.